एक ठेका, तीन लयी : कीबोर्ड वर्कस्टेशनवर रिदम पॅटर्न कसा बांधायचा

वडगावात संध्याकाळी गल्लीतून चाललं की मागांची खटखट ऐकू येते. एकसारखी, न थकणारी, प्रत्येक ठोका मागच्याची हुबेहूब नक्कल. काही वर्षांपूर्वी एका भजनाला मी कीबोर्डवर केहरव्याचा, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचा, पॅटर्न लावला होता. अभंग सावकाश सुरू झाला, तोवर पॅटर्न झकास बसला होता. मग बुवांनी चाल बदलली, लय चढवली, आणि मी टेम्पोची चकती ७२ वरून फिरवत फिरवत १४४ वर नेली. बुवांनी गातागाताच एकदा मान वळवून बघितलं. पान सुपारीच्या वेळी म्हणाले, "माग चालू केलास व्हय रे?"

बुवांचं घर विणकरांचं. त्यांनी दिलेली उपमा ऐकीव नव्हती, म्हणून ती जास्त लागली.

पुढच्या कार्यक्रमांत मी आमच्या मृदंगवाल्याच्या हातांकडं नीट बघत बसलो. ठाय, म्हणजे संथ, लयीत तो दोन थापांच्या मधल्या जागा बोटांनी हलकेच भरत होता. लय चढली की त्याच जागा मोकळ्या सोडत होता, थापा आखूड करत होता, आणि जोर फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ठेवत होता. म्हणजे लय बदलली की तो ठेका नव्याने मांडत होता. कीबोर्डला हे आपोआप कळत नाही. टेम्पो दुप्पट केला की तो तेच सगळं दुप्पट वेगानं ओकतो. म्हणून एका ठेक्याचे निदान तीन पॅटर्न करायचे, ठाय, मध्य आणि द्रुत, आणि कार्यक्रमात एकातून दुसऱ्यात जायचं. ते कसं करायचं ते सांगतो. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्यात सीक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय) किंवा पॅटर्न रेकॉर्डिंग आणि ड्रम किट असलं की पुरे. १९८८ साली कोर्गचा एम-वन आल्यापासून आवाज आणि सीक्वेन्सर एकाच पेटीत मिळणं सर्रास झालं. मेनूंची नावं तेवढी कंपनीगणिक बदलतात.

आधी लय मोजा

बटणांना हात लावण्याआधी गाणं गुणगुणा आणि टाळी द्या. मोबाईलवर १५ सेकंद लावून टाळ्या मोजा, चारानं गुणा. १८ टाळ्या आल्या तर ७२. तेवढाच टेम्पो.

इथं पहिला घोटाळा होतो. तेच गाणं एकजण ७५ मोजतो आणि दुसरा १५०, आणि दोघंही बरोबर असतात, कारण एकानं दर दुसऱ्या ठोक्यालाच टाळी दिलेली असते. माझा नियम साधा आहे: केहरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या एका बारमध्ये बसवायच्या. एका बारमध्ये चार ठोके, एका ठोक्यात दोन मात्रा. असं केलं की आमच्याकडचं बहुतेक सगळं ६० ते १६० च्या मध्ये येतं, आणि सोळा घरांच्या ग्रीडवर (म्हणजे बारचे सोळा सारखे भाग) प्रत्येक मात्रेला दोन घरं मिळतात.

आता थोडं गणित. ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. ६०,००० ला टेम्पोनं भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ७० च्या टेम्पोला एक ठोका साधारण ८५७ मिलिसेकंदांचा, म्हणजे मात्रा ४२८ ची आणि एक घर २१४ चं. १०० ला मात्रा ३०० आणि घर १५०. १५० ला मात्रा २०० आणि घर फक्त १०० मिलिसेकंद. ७० ला हलकी थाप टाकायला प्रशस्त जागा असते. १५० ला तीच थाप दोन मोठ्या थापांच्या मध्ये चेंगरते.

चाव्यांचा नकाशा

ड्रम किट निवडा आणि खालच्या चावीपासून वरपर्यंत एकेक चावी दाबत जा. कुठल्या चावीला कुठला आवाज आहे ते वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. किट जनरल मिडीच्या मानकाप्रमाणं असेल (कुठल्या क्रमांकाला कुठला आवाज हे ठरवणारं हे मानक १९९१ चं) तर नोट क्रमांक ३६ ला किक, ३८ ला स्नेअर, ४२ ला बंद हायहॅट आणि ४६ ला उघडा हायहॅट असतो. क्रमांक लिहिणं शहाणपणाचं, कारण चावीच्या नावावरून फसगत होते. ३६ व्या नोटला यामाहा सी-वन म्हणतं आणि रोलँड सी-टू.

तुमच्या कीबोर्डमध्ये तबला-ढोलकीचं भारतीय किट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जनरल मिडीतल्या काँगो-बोंगोंवर भागवता येतं: 'गे'साठी ६४ (लो काँगो), 'ना'साठी ६३ (उघडा हाय काँगो), 'ती'साठी ६० (हाय बोंगो), 'के'साठी ६१ (लो बोंगो) अगदी हलका. 'धा' आणि 'धी'ला ६४ आणि ६३ एकदम. टाळेला ८१ चा उघडा ट्रँगल आणि ८० चा बंद ट्रँगल. लेझीमच्या हलगीला मी ६५ आणि ६६ चे टिंबाली वापरतो. खऱ्या हलगीची कडकड त्यात नाही, पण मंडपात बॉक्समधून निघाल्यावर बऱ्यापैकी खपून जाते.

नकाशा लिहिताना आणि रेकॉर्ड करताना ट्रान्सपोज (पट्टी वरखाली सरकवणारं बटण) शून्यावर आहे ना, ते बघा. आमचे बुवा काळी चारमध्ये गातात आणि दुसरे कुणी पांढरी दोनमध्ये, त्यामुळं ट्रान्सपोजचं बटण सतत हलत असतं. ते तसंच राहिलं तर काही कीबोर्डांवर ड्रमचा नकाशाच सरकतो आणि 'धा'च्या जागी घंटा वाजते.

मधला पॅटर्न आधी बांधा

सुरुवात ७० ला करू नका आणि १५० लाही करू नका. १०० ला करा. मधल्या लयीत ठेक्याचा खरा सांगाडा दिसतो, त्यातून पुढं दोन्हीकडं जाता येतं.

नवा पॅटर्न उघडा. ठोका चार-चार, लांबी दोन बार. एक बार ठेवला तर पुनरावृत्ती लगेच टोचते, चार ठेवले तर दुरुस्त्या चौपट. मेट्रोनोम चालू करा, आधी एक बार नुसता मोजून घ्यायला ठेवा, आणि रेकॉर्डिंग ओव्हरडबवर लावा, म्हणजे प्रत्येक फेरीत आधीचं न पुसता नवीन भर पडत जाते.

केहरव्याचे बोल आठवा: धा गे ना ती, ना के धी ना. सोळा घरांत ते विषम घरांवर येतात: १ धा, ३ गे, ५ ना, ७ ती, ९ ना, ११ के, १३ धी, १५ ना. सम (दोनानं भाग जाणारी) घरं सध्या मोकळी.

एका फेरीत एकच आवाज वाजवा. पहिल्या फेरीत नुसता डग्गा, म्हणजे घर १, ३ आणि १३. दुसऱ्या फेरीत सगळे 'ना'. तिसरीत 'ती' आणि 'के'. दोन्ही हातांनी सगळं एकदम वाजवायचा मोह होतो. हात तबल्यावर बसलेला असेल तर जरूर वाजवा. माझा नाही, म्हणून मी थर लावत जातो. पाचव्या मात्रेवर डग्गा चुकूनही येऊ देऊ नका. ती काल आहे, म्हणजे ठेक्यातली खाली, आणि काल मोकळी राहिली नाही तर गाणाऱ्याला समेची वाट दिसत नाही.

त्यानंतर क्वांटाइझ, म्हणजे वाजवलेल्या थापा ग्रीडच्या घरांकडं सरकवणं. सोळाव्या नोटवर, म्हणजे सोळा घरांच्या ग्रीडवर, लावा, पण ताकद पूर्ण शंभर टक्के न ठेवता कीबोर्डात सोय असेल तर ७० ते ८० टक्के ठेवा. त्यानं ढोबळ चुका सुधारतात आणि हाताचा श्वास शिल्लक राहतो. पूर्ण शंभरावर नेलं की मागाची खटखट आलीच.

आता व्हेलॉसिटी, म्हणजे थापेचा जोर, १ ते १२७ मध्ये. माझे आकडे असे: समेचा 'धा' ११२, 'धी' ९८, 'ना' ८० ते ९०, 'ती' ७२, 'गे' ७०, 'के' ४५. दुसऱ्या बारमध्ये हेच आकडे चारपाचानं इकडंतिकडं करा, समेचा 'धा' १०५ वर आणा. दोन बार सारखेच राहिले तर दोन बारचा पॅटर्न केल्याचा उपयोग काय?

ठाय लय, ७० च्या आसपास

मधल्या पॅटर्नची कॉपी करा आणि टेम्पो ७० वर आणा. लगेच कळेल की ठेका उघडाबोडका पडलाय. दोन मात्रांमध्ये जवळजवळ अर्धा सेकंद रिकामा आहे. तिथं हळुवार भर घालायची. घर ४, ८ आणि १६ वर बोटांच्या पुसट थापा टाका, व्हेलॉसिटी २८ ते ४०. त्या कानाला वेगळ्या ऐकू येता कामा नयेत. बंद केल्या तर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, म्हणजे बरोबर जमल्या.

ठाय लयीत झोका लागतो. स्विंगचा आकडा ५० म्हणजे सरळ, ६६ च्या थोडा पुढं म्हणजे ट्रिप्लेट, दोन घरांच्या जागेचे तीन भाग केल्यासारखा. मी ५८ ते ६० वर थांबतो. हा आकडा सम घरांना थोडं मागं सरकवतो. माझ्या यंत्रात एका ठोक्याचे ४८० टिक असतात, म्हणजे एक घर १२० टिकांचं. स्विंग ६० ला सम घर १२० ऐवजी १४४ टिकांवर येतं, २४ टिकांनी उशिरा. ७० च्या टेम्पोला हे २४ टिक म्हणजे ४३ मिलिसेकंद. कानाला तो गोड झोका वाटतो.

डग्ग्याला इथं शेपूट लांब हवं. 'गे'ची गमक, आवाज वर चढत जाणारी घुमार, किटमध्ये असेल तर ती याच लयीत शोभते. टाळ मात्र कमी ठेवा. उघड्या टाळेचा झणत्कार पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पुरेसा आहे, बाकी बंद टाळ किंवा काहीच नाही.

द्रुत लय, १५० कडं

बुवांनी मला पकडलं ते इथं, म्हणून इथं जरा थांबतो.

पुन्हा मधल्या पॅटर्नचीच कॉपी घ्या, ठाय लयीची घेऊ नका, नाहीतर टाकलेल्या पुसट थापा शोधून शोधून काढाव्या लागतात. टेम्पो १५०. आता गाळायला सुरुवात करा. 'गे' आणि 'के' काढून टाका. उरतं ते असं: धा, मोकळं, ना, ती, ना, मोकळं, धी, ना. घरं १, ५, ७, ९, १३, १५. दोन थापा गेल्या, पण ठेका ओळखू येतोच, उलट त्याला धाव आली.

मग शेपट्या कापा. समजा 'धा'चा आवाज ६०० मिलिसेकंद घुमतो. ७० ला तो पुढच्या एका मात्रेवर सांडतो आणि दुसरी येण्याआधी विरतो. १५० ला मात्रा २०० ची, म्हणजे तोच 'धा' पुढच्या दोन मात्रा झाकून तिसरीपर्यंत पोचतो. सगळं मिळून गुंगुं होतं. मोठ्या बॉक्सवर तर नुसता चिखल. ड्रम किटच्या एडिटमध्ये त्या चावीचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा, साधारण निम्म्यावर. बऱ्याच किटांत ड्रमचा आवाज चावी सोडली तरी पूर्ण वाजतो, त्यामुळं पॅटर्नमधली नोट आखूड करून भागत नाही, डिकेच बदलावा लागतो. मूळ किट खराब होऊ नये म्हणून आधी ते युजर किट म्हणून वेगळं सेव्ह करा आणि द्रुत पॅटर्नला ते जोडा.

स्विंग ५० ते ५२. वरचेच २४ टिक १५० ला फक्त २० मिलिसेकंदांचे उरतात. एवढ्याशा फरकाला कान झोका म्हणत नाही, हात चुकला म्हणतो.

जोराचं अंतर कमी करा. माणसाचा हात वेगात असताना ११२ वरून ४५ वर आणि परत उडी मारू शकत नाही. सम ११०, बाकी सगळं ७८ ते ९२. आणि लग्गी हवीच असेल, सोळाच्या सोळा घरं भरलेली, तर ती वेगळा पॅटर्न करून ठेवा, एखादा बारच वाजवायला. १५० ला सोळा घरं भरली म्हणजे मिनिटाला ६०० थापा होतात. ढोलकीवाला ते दोन्ही हातांनी सहज काढतो, पण तोही सलग पाच मिनिटं काढत बसत नाही.

लेझीमच्या ठेक्याला हेच, फक्त एक फरक: तिथं टिंबाली कोरड्या ठेवा, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) शून्य. मिरवणुकीच्या रस्त्यावर भिंतीच रिव्हर्ब देतात.

दादरा आणि रूपक

दादऱ्यात सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. सहा-आठचा बार घ्या. इथं टेम्पोचा आकडा फसवतो. गाणारा दर तीन मात्रांनी झुलतो, टाळीही तशीच देतो. पण बहुतेक वर्कस्टेशन टेम्पो मोजताना पाव नोट धरतात, म्हणजे दोन मात्रा. तुमच्या टाळ्या मिनिटाला ६० आल्या तर कीबोर्डवर ९० लावावं लागतं. दीडपट. हे माहीत नव्हतं तेव्हा मी दादऱ्याची सगळी गाणी रडतखडत वाजवत होतो. क्वांटाइझ आठव्या नोटवर ठेवा. मधल्या बारीक थापा टाकल्या असतील तरच सोळाव्यावर.

रूपकाच्या सात मात्रा, त्याला सात-चार किंवा सात-आठचा बार मिळाला तर उत्तम. मिळत नसेल तर चार-चारचे सात बार घ्या: अठ्ठावीस ठोके, म्हणजे एक मात्रा एका ठोक्याला धरून रूपकाची चार आवर्तनं. मेट्रोनोमचा ठळक ठोका चुकीच्या जागी पडेल, म्हणून तो बंद करून टाळी मोजत रेकॉर्ड करा.

फिल आणि तिहाई

फिल म्हणजे ठेक्याच्या शेवटी टाकायची भर. प्रत्येक लयीला तिचं फिल वेगळं. ७० ला अख्ख्या बारचं फिल शोभतं, १०० ला शेवटच्या चार मात्रांचं, १५० ला शेवटच्या दोन मात्रा पुरे.

तिहाई बसवायचं सूत्र सांगतो. एक तुकडा तीनदा, मध्ये दोन विश्रांती, आणि शेवटची थाप पुढच्या समेवर. सोळा घरांच्या बारमध्ये पुढची सम सतरावं घर. म्हणजे तुकड्याची लांबी गुणिले तीन, अधिक विश्रांती गुणिले दोन, बरोबर सतरा. पाच घरांचा तुकडा, 'ति र कि ट धा', आणि एक घर विश्रांती: पंधरा अधिक दोन, सतरा. 'धा' पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या घरावर पडतो. सतरावं घर तुमच्या फिलमध्ये नसतं, ते पुढच्या पॅटर्नचं पहिलं घर, म्हणून तिथला 'धा' जोरदार असायला हवा.

१४० पर्यंत हे चालतं. त्यापुढं घर इतकं लहान होतं की 'तिरकिट' नुसती फर्रर्र ऐकू येते. तेव्हा मात्रा मोजा: आठ मात्रांचा बार, नववी सम. 'ता क धा' तीनदा, विश्रांती नाही, तीन त्रिक नऊ. साधी आहे, पण मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही समेवर मान हलवता येते.

मांडवात

तीन पॅटर्नांच्या टेम्पोच्या हद्दी एकमेकींवर थोड्या चढवून ठेवा: ठाय ६० ते ८५, मध्य ८० ते ११८, द्रुत ११५ ते १६०. बुवांनी लय चढवली की आधी त्याच पॅटर्नमध्ये दर आवर्तनाला दोन-तीन आकडे वाढवत जा, आणि हद्दीपाशी आलात की फिल टाकून समेवर पुढचा पॅटर्न. पॅटर्न बदल बारच्या शेवटीच होईल असं सेटिंग करून ठेवा. कोर्गवर आरपीपीआर नावाच्या सोयीत (चावी दाबली की पॅटर्न वाजतो) चावीला पॅटर्न देताना ते मेझरवर, म्हणजे बारवर, लावता येतं. इतर यंत्रांत वेगळं नाव असेल. हे केलं नसेल तर बोट अर्धा क्षण आधी पडलं की ठेका मध्येच तुटतो आणि टाळकरी सगळे माझ्याकडं बघतात.

आमचा पॅडवाला कन्नड बोलणारा आहे. कार्यक्रमात एक गाणं मराठी, पुढचं कन्नड, त्यामुळं मोजणी कधी एक-दोन-तीन-चार होते, कधी वंदू-एरडू-मूरू-नाल्कू. भाषा कुठलीही असो, मोजणी नव्या टेम्पोला व्हायला हवी. जुन्या टेम्पोला चार मोजून नव्या टेम्पोला उडी मारली तर पहिला बार हमखास घसरतो.

मॉनिटर स्वतःजवळ मागून घ्या. मैदानात साउंडवाला बॉक्स स्टेजपासून लांब लावतो, आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बॉक्स १५ मीटरवर असेल तर तुमचा ठेका तुम्हाला ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. १५० च्या टेम्पोला ते जवळजवळ अर्धं घर झालं. तो ऐकून हात चालवलात तर तुम्ही मागं मागं पडत जाणार, आणि दोष पॅटर्नला द्याल.

शेवटचं काम सेव्ह. एका गावात ऐन कार्यक्रमाआधी करंट गेला. दुपारभर बसून केलेले पॅटर्न सीक्वेन्सरच्या तात्पुरत्या मेमरीत होते, सेव्ह करायचं राहून गेलेलं. करंट पाच मिनिटांत आला, पॅटर्न आले नाहीत. बऱ्याच वर्कस्टेशनांत असंच असतं: बंद झालं की सीक्वेन्स गेला. आता दर थरानंतर सेव्ह करतो, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवतो, आणि कीबोर्डखाली एक छोटा यूपीएस असतो. फायलींची नावं ठेवली आहेत केह-७०, केह-१००, केह-१५०, केह-लग्गी, दाद-९०. हीच नावं एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या कडेला चिकटवली आहेत, मराठीत वर, खाली पॅडवाल्यासाठी कन्नडमध्ये.